धावतं तिकडे, चालतं इकडे: नोकरीत नव्याने आलेल्यांसाठी 'रन'

महाप्याच्या ऑफिसात नोकरीला लागून मला तिसरा आठवडा होता. मॅडम घाईत निघाल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "रन द रिपोर्ट बाय मी बिफोर इट गोज आउट." मी मुरबाडची, मराठी शाळेत शिकलेली. त्यातलं 'रन द रिपोर्ट' एवढं मला अगदी स्वच्छ कळलं, कारण सिस्टीममध्ये रिपोर्ट 'रन' करायचा असतो हे आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. 'बाय मी' म्हणजे 'माझ्या नावाने' असणार, असं मी धरून चालले. रिपोर्ट रन केला, पंचवीस मिनिटं लागली, आणि मॅडमच्या नावाने क्लायंटला पाठवूनही दिला. जुलैच्या गाडीभाड्याचे आकडे जूनच्या रकान्यात बसले होते. मॅडमना म्हणायचं होतं एवढंच, की बाहेर पाठवण्याआधी मला एकदा दाखव.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागले. आता ऐरोली, घणसोली, महापे, वाशी या पट्ट्यात पहिली नोकरी लागलेली मुलं-मुली आमच्याकडे येतात, तेव्हा चहाच्या वेळेला त्यांना जे सांगते तेच इथे पायरीपायरीने लिहिते आहे. व्याकरणाच्या पुस्तकातला क्रम यात नाही. ऑफिसात शब्द ज्या क्रमाने कानावर येतो, तो आहे.

पहिली पायरी: 'लागणे' आठवा

एका शब्दाचे इतके अर्थ कसे, म्हणून हबकू नका. आपण लहानपणापासून याहून अवघड गोष्ट सहज करत आलो आहोत. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, नंबर लागतो, भाजी खाली लागते, वेळ लागतो, आणि नात्याने कुणीतरी आपला काका लागतो. कोणी परदेशी माणूस मराठी शिकायला बसला तर या एका क्रियापदापाशी तो रडेल. तुम्हाला ते शिकवावं लागलं नाही. (पाहा, आणखी एक लागणं.)

'रन' हे इंग्रजीतलं 'लागणे' आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची नवी आवृत्ती तयार होत असताना पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एकाच क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि त्याचे ६४५ अर्थ नोंदवले. २०११ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. त्याआधी, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, सगळ्यात लांबलचक नोंदीचा मान 'सेट'कडे होता. ६४५ ऐकून पोटात गोळा येतो, पण ऑफिसच्या कामाला पंचवीस-तीस पुरतात.

दुसरी पायरी: 'धावणे' बाजूला ठेवा, आधी 'चालणे' लावून पाहा

शाळेत 'रन म्हणजे धावणे' असं पाठ केलेलं असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. इंग्रजांचं मशीन धावतं, आपलं चालतं. त्यांचं दुकान धावतं, आपलं चालतं. घड्याळ, पंखा, नाटक, कारखाना, सरकार, सगळं आपल्याकडे चालतं. म्हणून वाक्यात 'रन' आला की मनात पहिल्यांदा 'चालणे' किंवा 'चालवणे' लावून पाहा. निम्म्याहून जास्त वेळा गाडी तिथेच रुळावर येते. 'द ऑटो रन्स ऑन सीएनजी' म्हणजे रिक्षा सीएनजीवर चालते. 'हू रन्स धिस प्लेस?' म्हणजे इथला कारभार कोण चालवतं.

उलट दिशेने जाताना मात्र जास्त सांभाळा. आमच्याकडे एक मुलगी मुलाखतीला आली होती. घरची माहिती सांगताना म्हणाली, "माय मदर ड्राइव्ह्ज अ मेस." आईची कळव्यात खानावळ आहे, ती आई चालवते, आणि चालवणे म्हणजे ड्राइव्ह, असा तिचा सरळ हिशेब. समोरच्या साहेबांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल कोण जाणे. तिथे 'रन्स अ मेस' हवं होतं; त्यातही 'मेस'ला इंग्रजीत 'पसारा' असाही अर्थ आहे, तेव्हा 'रन्स अ टिफिन सर्व्हिस' आणखी बरं. धंदा, शाळा, क्लास, बचत गट, जे जे चालवायचं त्याला 'रन', आणि स्टिअरिंग हातात असेल त्याला 'ड्राइव्ह', एवढं धरून ठेवा.

रेल्वेच्या बाबतीत मात्र आपणही धावतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 'धावली' असंच आपण लिहितो, आणि स्टेशनवरची बाईही 'उशिराने धावत आहे' असंच सांगते. त्यामुळे 'द ट्रेन इज रनिंग लेट' कोणालाही कळतं. पंचाईत होते ती माणूस 'रनिंग लेट' असतो तेव्हा. 'आय एम रनिंग लेट' म्हणणारा बहुतेक वेळा धावत नसतोच. तो ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर वाशीच्या गाडीची वाट पाहत गर्दीत चेंगरत उभा असतो. अर्थ एवढाच, की मला उशीर होतोय. आणि हे पोचायच्या आधी कळवायचं असतं. एकदा खुर्चीवर येऊन बसलात की 'सॉरी, आय एम लेट'. तिथे 'रनिंग' नको.

तिसरी पायरी: 'चालणे' बसत नसेल तर 'वाहणे' पाहा

जुन्या इंग्रजीत हा शब्द पळण्याला आणि वाहण्याला, दोन्हीला होता. त्याचा जर्मन भाऊबंद 'रिनन' आजही वाहण्यालाच वापरतात. तेव्हा पाणी, नाक, रंग, अश्रू यांच्याबरोबर 'रन' आला तर ती कुणी केलेली गंमत समजू नका. तो अर्थ मुळातलाच आहे.

नाक वाहतं ते 'रनिंग नोज'. नळ उघडा राहिला तर 'द टॅप इज रनिंग'. घर भाड्याने बघताना 'रनिंग वॉटर' वाचलंत तर नळाला पाणी आहे एवढंच कळतं. चोवीस तास आहे का, हे वेगळं विचारा. घोडबंदरच्या बाजूला तर नक्की विचारा. कपड्याच्या दुकानात 'विल द कलर रन?' म्हणजे धुतल्यावर रंग जाईल का.

तापाचं थोडं निराळं. 'शी इज रनिंग अ टेंपरेचर' म्हणजे तिला ताप आहे. इथे चालणेही नाही आणि वाहणेही नाही, तसंच लक्षात ठेवायचं. आणि आजारपणाच्या रजेचा मेल लिहिताना एक जपा: 'द रन्स' म्हणजे जुलाब. क्रिकेटवेड्या माणसाला 'आय हॅव द रन्स' हे वाक्य अभिमानाचं वाटू शकतं. 'स्टमक अपसेट' लिहा, पुरतं.

चौथी पायरी: शेपटाकडे बघा

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू. 'रन'च्या मागे लागलेलं छोटं शेपूट, म्हणजे आउट, ओव्हर, इनटू, बाय, थ्रू, डाउन, अप, अर्थ तेच ठरवतं. माझी चूक झाली ती शेपूट न बघितल्यामुळे. 'रन द रिपोर्ट' म्हणजे रिपोर्ट काढ. 'रन द रिपोर्ट बाय मी' म्हणजे रिपोर्ट माझ्या नजरेखालून घाल. काही जण 'बाय'च्या जागी 'पास्ट' म्हणतात, अर्थ तोच.

'आउट' आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक असतो, आणि तेच आडवं येतं. ऑफिसात 'रन आउट' म्हणजे संपणे. आमच्या पँट्रीत चहा पावडरीचा एक स्टीलचा डबा आहे. झाकण उघडलं आणि तळ दिसायला लागला की 'वी आर रनिंग लो ऑन टी': संपत आली आहे. चार कप होतील आणि माणसं सात, तर 'वी आर रनिंग शॉर्ट': कमी पडतेय. डबा उलटा करून ठोकला तरी काही पडत नाही, तेव्हा 'वी हॅव रन आउट ऑफ टी'. यातला 'ऑफ' विसरायचा नाही. संपलेल्या वस्तूपासून वाक्य सुरू केलं तर तो नको: 'द टी हॅज रन आउट'. माणसापासून सुरू केलं तर हवा. वेळेचंही तसंच: 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम'. आणि 'ही रॅन आउट ऑन देम' असं माणसाबद्दल कोणी म्हणालं तर तो त्यांना वाऱ्यावर सोडून गेला.

'ओव्हर' सगळ्यात धोक्याचा. मीटिंग 'रॅन ओव्हर' म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. 'लेट्स रन ओव्हर द फिगर्स' म्हणजे आकड्यांवरून एकदा नजर फिरवू. पण माणूस किंवा कुत्रा 'वॉज रन ओव्हर' झाला तर तो गाडीखाली आला. आमच्यातल्या एका मुलाने उशिरा आल्यावर ग्रुपवर टाकलं, "सॉरी, आय गॉट रन ओव्हर इन द मीटिंग." बंगळूरच्या टीममधून लागोपाठ तीन फोन आले. लांबते ती मीटिंग, तुम्ही नाही. 'माय मीटिंग रॅन ओव्हर' लिहा.

'इनटू'चे तीन अर्थ रोजच्या वापरातले. माणूस अचानक भेटला: 'आय रॅन इनटू माय टीचर ॲट तलावपाळी'. अडचण आली: 'वी रॅन इनटू अ प्रॉब्लेम'. आणि रक्कम: 'द बिल रन्स इनटू लॅक्स', म्हणजे लाखांच्या घरात जातं. गाडी खांबावर आदळली तरी 'रॅन इनटू अ पोल'च. तेव्हा 'आय रॅन इनटू द बॉस' म्हणालात आणि तुम्ही स्कूटर चालवत होतात हे समोरच्याला माहीत असेल, तर एक वाक्य जास्तीचं बोला.

'थ्रू' नाटकवाल्यांना आधीपासून माहीत आहे. गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर कुठल्याही हौशी मंडळींना विचारा. पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता केलेल्या तालमीला ते 'रन-थ्रू'च म्हणतात. ऑफिसात प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी 'लेट्स डू अ रन-थ्रू' म्हणाले तर अगदी तेच करायचं. त्याचा चुलतभाऊ 'ड्राय रन'. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा हा शब्द मराठी मथळ्यांतून घरोघरी पोचला. त्यात सगळं खरं होतं, लस तेवढी टोचायची नव्हती. आपल्या कामातही ड्राय रन म्हणजे सगळं करायचं, फक्त शेवटचं बटण दाबायचं नाही.

'डाउन' लावलं की अर्थ असे फुटतात की पहिल्या दिवशी गोंधळ व्हायलाच हवा. बॅटरी 'रन डाउन' झाली म्हणजे उतरली. माणूस 'रन-डाउन' वाटतोय म्हणजे अंगात त्राण नाही. इमारत 'रन-डाउन' म्हणजे मोडकळीला आलेली, ठाण्यात पावसाळ्याआधी पालिका ज्यांच्या याद्या काढते तसल्यातली. 'ही रन्स एव्हरीवन डाउन' म्हणजे तो सगळ्यांना नावं ठेवतो. आणि साहेब 'गिव्ह मी अ रनडाउन' म्हणाले तर यातलं काहीच नाही. त्यांना मुद्द्यांचा थोडक्यात तपशील हवा आहे. शेवटचा अर्थ ऑफिसात रोज लागतो, म्हणून पाठ करायचा तर तो.

'अप' उधारीचं आहे. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे बिल चढवून ठेवलं. नाम म्हणून 'रन-अप' गोलंदाजाचा असतो तसाच सणाचाही: 'इन द रन-अप टू गणपती', गणपती तोंडावर आलेले असताना. 'रनर-अप' मात्र उपविजेता, आणि ते दोघे असतील तर 'रनर्स-अप'. 'एस' मधेच लागतो, शेवटी नाही.

राहिला 'अराउंड'. 'आय वॉज रनिंग अराउंड ऑल डे' म्हणजे दिवसभर धावपळ झाली. पण 'दे गेव्ह मी द रनअराउंड' म्हणजे टोलवाटोलवी केली, या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, आज या उद्या या. एका सरकारी दाखल्यासाठी मी पाच हेलपाटे घातले, तेव्हा हा शब्द मला कायमचा पाठ झाला. इंग्रजी शिकण्याचा तेवढाच काय तो फायदा.

पाचवी पायरी: कोण बोलतंय हे ऐका

निवडणुकीच्या बातम्यांत अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो. मराठी माणूस निवडणुकीला उभा राहतो, म्हणजे इथे आपण लंडनच्या बाजूचे. अमेरिकन क्लायंट 'शी इज रनिंग फॉर मेयर' म्हणाला तर ती महापौरपदासाठी उभी आहे. कुठेही धावत नाही. या पायरीवर याहून जास्त वेळ घालवू नका.

सहावी पायरी: आपला 'रन' कुठे थांबतो ते ओळखा

आपल्याकडे या शब्दाचे काही घरचे अवतार आहेत आणि ते उत्तम चालतात, पण फक्त आपल्यात. 'गाडी रनिंगमध्ये पकडली' हे दिव्यापासून पनवेलपर्यंत सगळ्यांना कळतं. परदेशी माणसाला 'आय कॉट द ट्रेन इन रनिंग' कळणार नाही. 'आय जम्प्ड ऑन टू अ मूव्हिंग ट्रेन' म्हणावं लागेल. खरं तर ते सांगूही नका आणि करूही नका.

सुतार आणि फरशीवाले 'रनिंग फूट' म्हणतात, तो मात्र सरळ इंग्रजीतून आलेला आहे: रुंदी न धरता फक्त लांबी. घरात ओट्याचं काम काढलंत तर दर रनिंग फुटाचा आहे की स्क्वेअर फुटाचा, हे आधी विचारा. दोन फूट रुंद ओट्याची दहा फूट लांबी रनिंगमध्ये दहा भरते, स्क्वेअरमध्ये वीस. एकच आकडा सांगून दोघं दोन वेगळ्या गोष्टी समजतात, आणि भांडण बिलाच्या दिवशी होतं. बांधकामाच्या कंत्राटात 'आरए बिल' ऐकाल, त्यातला 'आर' हाच: रनिंग अकाउंट बिल, म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं काढलेलं बिल. बँकेतल्या चालू खात्याला मात्र 'रनिंग' नाही, 'करंट अकाउंट' म्हणतात. आणि 'अ रन ऑन द बँक' म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांची पैसे काढायला एकदम उडालेली झुंबड. हा अर्थ ऐकायची पाळी न येवो.

सातवी पायरी: रूपं

रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच, आणि तिथे पदवीधरही घसरतात. 'आय हॅव रॅन द रिपोर्ट' चूक, 'आय हॅव रन द रिपोर्ट' बरोबर. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' दिसलं की 'रॅन' नाही. संपलं.

आठवी पायरी: वही

ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास लागतो. बसायला मिळालं तर वही, नाही मिळालं तर मोबाइल. त्या दिवशीच्या मेलमध्ये किंवा बोलण्यात आलेला एकच 'रन' निवडा, वाक्य जसंच्या तसं लिहा आणि शेजारी मराठी क्रियापद लिहा. कोशातला अर्थ उतरवू नका. आईला सांगताना तुम्ही जे म्हणाल ते लिहा. माझ्या वहीत पाच रकाने होते: चालणे, वाहणे, धावणे, संपणे आणि 'इतर'. पहिले दोन महिने 'इतर' फुगत जातो, मग त्यातलेच शब्द एकमेकांशेजारी बसायला लागतात. उदाहरणार्थ 'इट रन्स इन द फॅमिली' मी आधी इतरमध्ये टाकलं होतं. घराण्यात चालत आलेलं, असं एकदा आजीच्या तोंडून ऐकलं आणि पहिल्या रकान्यात हलवलं. 'द कॉन्ट्रॅक्ट रन्स टिल मार्च' तिथेच गेलं, कारण करार मार्चपर्यंत चालतो. 'इन द लाँग रन' आणि 'रन-ऑफ-द-मिल' अजून इतरमध्येच आहेत. पहिला म्हणजे पुढे जाऊन, दुसरा म्हणजे चारचौघांसारखा, साधाच.

महिनाभराने हे वाक्य सोडवून पाहा, मी सगळ्यांना हेच देते: 'आय वॉज रनिंग लेट, रॅन इनटू द बॉस ऑन प्लॅटफॉर्म नाइन, अँड शी सेड वी हॅड रन आउट ऑफ टाइम टू रन इट बाय द क्लायंट.' गेल्या खेपेला नव्या मुलांपैकी एकाने त्याचं मराठी असं केलं: "मला उशीर होत होता, नऊ नंबरवर मॅडम भेटल्या, म्हणाल्या, क्लायंटला दाखवायला आता वेळच उरला नाही." मी त्याला विचारलं, यात 'रन' कुठे गेला? तो म्हणाला, "मराठीत लागलाच नाही, मॅडम."